वाळवण मिळून घालायचंय? वाटणी नको, पाळी लावा

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: सोसायटीतल्या सहा घरांनी गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच मिळून वाळवण घातलं. सगळ्यांचे गहू एकत्र भिजवले, उडदाचं पीठही एकत्रच मळलं. कुरडया उचलताना तुटल्या, पापड भाजल्यावर लाल पडले आणि वाटणीच्या दिवशी दोन घरांत अबोला झाला. लाल पापडांचं खापर एका काकूंनी शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीवर फोडलं. ‘तिची अडचण होती आणि ती गच्चीवर आली होती,’ असं म्हणून. यंदा पुन्हा करावं की नाही? करायचं तर कसं?

करा, नक्की करा. पण आधी त्या मुलीचं बघू. कुरडया तुटल्या तर पुन्हा करता येतात, पण चारचौघींत असं बोललेलं पोरगी विसरत नाही.

पापड लाल पडतो तो खारामुळे. पापडखार म्हणजे सोड्याचाच भाऊबंद. पिठात तो जास्त झाला की आच लागताच रंग भराभर चढतो, पापड लालसर होतो आणि जिभेला खारट-तुरट लागतो. भज्यांच्या पिठात सोडा जास्त पडला की भजी काळपट लाल होतात आणि तेल पितात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा कुणी कुणाच्या पाळीची चौकशी करत नाही. किलोभर उडदाच्या पिठाला ३५ ते ४० ग्रॅम पापडखार आणि साधारण ५० ग्रॅम मीठ हे माझं माप आहे, आणि ते मी काट्यावर मोजते, मुठीने नाही. सहा किलो पीठ एकत्र मळायचं म्हटलं की खार अंदाजाने पडतो, आणि अंदाज नेहमी जास्तीकडेच झुकतो. त्यात एकीने टाकला की दुसरी ‘कमी वाटतोय गं’ म्हणून चिमूटभर आणखी टाकते.

माझं माहेर सांगलीकडचं, सासर जळगावकडचं. सासूबाई या बाबतीत फार कडक. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पापडांच्या दिवशी मला बाजूला बसावं लागलं. मी मागच्या खोलीत, पापड पुढच्या ओसरीवर. माझी सावलीसुद्धा तिकडे गेली नव्हती. आणि त्याच वर्षीचे पापड विटेसारखे लाल झाले. सासूबाईंनी एक भाजला, दुसरा भाजला, मग फडताळातून खाराची पुडी काढून हातात तोलली. निम्मी पुडी संपली होती. काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षीपासून मात्र खाराचं पाणी करायचं काम माझ्याकडे आलं, आणि बाजूला बसवणंही बंद झालं. त्या काकूंना एवढंच सांगा, आणि ज्यांच्यासमोर त्या बोलल्या त्यांच्यासमोरच सांगा. यंदा खार तोलायचं काम त्या मुलीला द्या. कॉलेजातल्या पोरींचा हात मापाला पक्का असतो.

आता भांडणाचं. सगळ्या घरांचं धान्य एकत्र करून माल नंतर वाटून घ्यायचा, इथेच घोळ झाला. एकीचे गहू टपोरे असतात, दुसरीचे बारीक, त्यामुळे चीक, म्हणजे भिजलेले गहू वाटून-पिळून निघणारं सत्त्व, कमी-जास्त निघतो. एक पहाटे पाचला येते, दुसरी आठला ‘अगं बाई, झालं पण?’ म्हणत येते. मग शेवटच्या दिवशी तराजू आला की प्रत्येकीच्या मनात आपापला हिशोब चालू होतो. मीही हे करून पोळलेय. एका वर्षी आम्ही चार घरांनी माल सारखा वाटला. एका घरात माणसं दोन, दुसऱ्यात नऊ. नऊ माणसांच्या घराला वाटलं आपल्याला कमी आलं, दोन माणसांच्या घराला वाटलं आपण फुकट राबलो. त्या वर्षीच्या कुरडया गौरीपर्यंत कुणाच्या घशाखाली गोड उतरल्या नाहीत.

शेतकऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय. कुठे त्याला सावड म्हणतात, कुठे इर्जिक. आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या रानात सगळे. पीक ज्याचं त्याचं, हात सगळ्यांचे. ज्याचं रान त्याने त्या दिवशी जेवू घालायचं. वाळवणालाही हेच लावा. गहू ज्याचे त्याचे, चीक ज्याचा त्याचा, खारट झालं तर तेही ज्याचं त्याचं. फिरवायचे ते फक्त हात. मग तराजूच लागत नाही.

कुरडयांसाठी पाळी लावणं सोपं आहे, कारण गव्हाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. तीन दिवस भिजवण, चौथ्या पहाटे चीक शिजवायचा. पहिल्या घराने सोमवारी सकाळी गहू भिजत घातले की गुरुवारी पहाटे त्यांच्या कुरडया. दुसऱ्या घराने मंगळवारी भिजवायचे, तिसऱ्याने बुधवारी. गुरुवारपासून रोज एक घर. सहा घरं सहा सकाळींत आटपतात आणि रोजचं काम नऊच्या आत संपतं, म्हणजे नोकरीवालीलाही जमतं. किती करायच्या याला मात्र मर्यादा हवी. एका पाळीला दोन किलो गहू, त्यापुढे नाही. शिजलेला चीक गरम असेपर्यंतच सोऱ्यातून उतरतो. गार झाला की मनगट मोडतं आणि तारा तुटतात. ज्या घराला चार किलोच्या हव्यात त्यांनी दोन पाळ्या घ्याव्यात आणि दुसऱ्यांकडे दोन सकाळी जास्त राबावं.

पाळी लावायच्या आधी आभाळ बघा. होळी झाली की उन्हाला धार येते. तेव्हापासून आखाजीपर्यंतचा काळ आमच्याकडे वाळवणाचा. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि त्या दिवशी आमरसाच्या ताटात नवी कुरडई हवीच. पण चैत्र-वैशाखातच वळीव येतो, कधी गाराही. म्हणून गहू भिजवायच्या दिवशी हवामान खात्याचा पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज बघायचा. भिजवताना ऊन आहे की नाही याला अर्थ नाही, चौथ्या दिवशी हवं. इतकं करूनही आभाळ आलंच तर घाबरू नका. खाली बसलेल्या चिकावरचं पाणी ओता, स्वच्छ गार पाणी घाला आणि पातेलं फ्रीजमध्ये ठेवा. एक दिवस, फार तर दोन, चीक थांबतो. शिजवलेला मात्र थांबत नाही. मुंबई-ठाण्याकडे हवा दमट, तिथे देशावरच्यापेक्षा एक-दोन उन्हं जास्तीची धरा.

आता कुरडया तुटल्या का, ते. याची कारणं तीनच, आणि तिन्ही मी केलेली आहेत.

पहिलं भिजवण. गहू पूर्ण भिजले की नाही हे दिवसांवरून ठरवू नका. दाणा दोन बोटांत दाबा. आतून दुधासारखा पांढरा चीक फुटला आणि हातात नुसतं साल राहिलं, तर झालं. मधे पिठाळ कणी लागली तर अजून बारा तास. पाणी रोज बदलायचं, कडक उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ दोनदा. आंबूस वास येणार, तो यायलाच हवा. त्या आंबण्यानेच गव्हातला चिवट भाग सैल होतो आणि सत्त्व सुटून येतं. पण बुळबुळ झाली, गुलाबी झाक आली, वास नाकात भरायला लागला, तर पाणी बदलण्यात आळस झालाय असं समजा. असे गहू सरळ टाकून द्या.

मग भरपूर पाण्यात वाटायचे, फडक्यातून पिळायचे. चोथा पुन्हा पाण्यात कालवून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पिळायचा. चोथा फेकू नका. त्यात तिखट, मीठ, जिरं, लसूण घालून भुसवड्या घालतात. तळल्या की कुरडईपेक्षा आधी त्याच संपतात. पिळलेलं पाणी बारीक चाळणीतून गाळून रात्रभर अजिबात न हलवता ठेवायचं. सकाळी वर पिवळट निवळ पाणी असतं, ते हळूच ओतून टाकायचं. त्याखाली चिकावर एक राखाडी, मळकट साय धरलेली असते. बहुतेक जणी ती तशीच ढवळून टाकतात. ती चमच्याने खरवडून काढा. कुरडई पांढरीशुभ्र होते ती तेवढ्यानेच, त्यात कसलीही पावडर लागत नाही.

दुसरं कारण पाणी. खाली बसलेला चीक भांड्याने मोजायचा आणि त्याच भांड्याने तेवढंच पाणी आधणाला ठेवायचं. चीक खरवसाच्या वडीसारखा घट्ट बसला असेल तर सव्वापट. पाण्यात मीठ आणि हिंग. मीठ कमीच घाला. कुरडई वाळून आटते, मीठ तेवढंच राहतं. शिजलेला चीक चाखताना किंचित अळणी लागला तर तळल्यावर बरोबर लागतो.

तिसरं कारण सगळ्यात मोठं: चीक कच्चा राहणं. या कामाला दोघीच हव्यात. तिसरी आली की गप्पा सुरू होतात आणि तळ लागतो. पाण्याला खळखळ उकळी आली की एकीने चीक बारीक धारेने ओतायचा आणि दुसरीने लाकडी चाटूने एकाच दिशेने हाटत राहायचं, पातेल्याच्या तळापासून. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, नुसतं पांढरं दूध. मग एकदम चाटू जड होतो. चीक खळीसारखा गोळा व्हायला लागतो, कुठे पांढरा, कुठे काचेसारखा. इथेच लोक फसतात. गोळा झाला म्हणजे शिजला असं वाटतं आणि गॅस बंद करतात. तो नुसता धरलाय, शिजलेला नाही. आच बारीक करा, झाकण ठेवा, दोन-तीन मिनिटांनी झाकण काढून पुन्हा हाटा. असं तीन-चारदा. वाफ बाहेर पडताना पच-पच आवाज येतो, पांढरेपणा सगळा जातो, चीक मोत्यासारखा चकचकीत होतो आणि चाटूवरून घरंगळत उतरतो. मग बोट पाण्यात बुडवून चिकाला लावा. बोटाला चिकटला नाही तर उतरवा. वाळलेल्या कुरडईत मधेच दुधी पांढरे डाग दिसत असतील तर ती इथे कच्ची राहिलीय, आणि ती उचलताना तुटणारच. तुमच्या गेल्या वर्षीच्या कुरडया उजेडात धरून बघा, उत्तर तिथेच दिसेल.

एका वेळी सहा घरांचा चीक मोठ्या पातेल्यात शिजवला तर मधला भाग कच्चा राहणं जवळजवळ ठरलेलं. तेवढ्या चिकात चाटू फिरवायला पैलवान लागतो. दोन किलो गव्हाचा चीकसुद्धा मी दोन घाण्यांत शिजवते.

उतरवल्यावर पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून गच्चीवर न्या. दोन सोरे ठेवा, एक भरला जाईल तोवर दुसरा चालू. सोऱ्याला आतून पाण्याचा हात लावा, तेलाचा नको. तेलाने पुढे खवट वास येतो. सोऱ्या फिरवायला घरातल्या पुरुषांना खुशाल बोलवा. आमच्याकडे एक निवृत्त काका दरवर्षी येतात, सोऱ्या चक्रासारखा फिरवतात आणि शेवटी एकच कुरडई स्वतः घालून ‘ही माझी’ म्हणतात. ती तळून त्यांनाच देतो. कुरडया जाड प्लास्टिकवर किंवा धुतलेल्या सुती धोतरावर घाला. पातळ प्लास्टिक गरम चिकाने आकसतं. उलटायची वेळ महत्त्वाची: दुपारी तीन-चारच्या सुमारास वरून कोरडी आणि आतून लवचीक असते तेव्हा. तेव्हा उलटली तर अख्खी उठते. संध्याकाळपर्यंत तशीच राहिली की कडक होऊन प्लास्टिकला धरून बसते आणि मग नखाने काढताना चुरा.

गच्चीवर कावळ्यांसाठी काळी छत्री उघडून ठेवतात, पण कबुतरं छत्रीला भीक घालत नाहीत. चार विटा, चार काठ्या आणि वरून जुनी मच्छरदाणी. राखण पोरांकडे द्या. राखणदाराने अर्धवट वाळलेली कुरडई खायची असते, तो त्याचा पगार. आणि गच्ची सोसायटीची आहे, तेव्हा टाकी धुणाऱ्याचा वार आधी विचारून ठेवा. एका वर्षी टाकीचं पाणी नेमकं आमच्या कुरडयांवरून वाहिलं होतं.

ज्या घरी पाळी, त्या घराने सकाळी चहा द्यायचा आणि गरम चीक. चिकाची वाटी हा या सगळ्या कामाचा खरा मोबदला आहे. दूध-साखर घालून किंवा वर तेल-तिखट टाकून. पहिल्या वाट्या, ज्यांनी काही केलं नाही त्यांच्याकडे पाठवा: तळमजल्यावरच्या गुडघे दुखणाऱ्या आजी, नुकती बाळंत झालेली, नवीन राहायला आलेले. पुढच्या वर्षी जास्तीचे हात यातूनच मिळतात. वॉचमनला आणि झाडणाऱ्या मावशींनाही वाटी गेली पाहिजे. गच्ची त्याच झाडतात.

पापडांचं गणित वेगळं. तिथे मळण एका हाताचं आणि लाटण अनेक हातांचं. याची सगळ्यात मोठी शाळा आपल्याच मुंबईत भरली. गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, ८० रुपये उसने घेऊन, आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढे लिज्जत. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मला त्यांची दोन कामं शिकण्यासारखी वाटतात. एक, पीठ एका जागी एकाच मापाने मळायचं आणि लाटायला बायकांनी आपापल्या घरी न्यायचं. त्यामुळे चव एक राहते आणि लाटण सवडीने होतं. दुसरं, पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावं लागलं, तर पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पापडाला ऊन लागतं असं आपण धरून चालतो, पण त्याला लागते ती कोरडी ऊब.

म्हणूनच ताजे लाटलेले पापड रखरखीत उन्हात टाकू नका. कडा वर वळतात आणि मधे भेगा जातात. खोलीत चादरीवर, पंख्याखाली, अंगासरसे सुकले की एकावर एक रचून ठेवा, म्हणजे सपाट होतात. मग दुसऱ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन दाखवा.

पिठासाठी खार आणि मीठ पाण्यात उकळून ते पाणी निवळू द्या आणि वरचंच घ्या, तळाला रेती बसते. हिंग आणि भरडलेली मिरी पिठात. पीठ घट्ट मळा, इतकं घट्ट की ‘हे काय लाटलं जाणार’ असं वाटलं पाहिजे. दोन-तीन तास झाकून ठेवा, मग तेलाचा हात लावून मुसळीने किंवा वरवंट्याने कुटा. काळपट गोळा उजळ होतो आणि ओढला की तुटायच्या आधी ताणतो, तोवर कुटायचं. लांब वळकटी करून दोऱ्याने लाट्या पाडायच्या, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, एक हातात. सुरीने कापल्या तर लाट्या दबतात. किलोभर पिठाचे मध्यम पापड शंभराच्या आसपास होतात. लाट्या मोजून ठेवा, कारण तेलात बुडवलेली कच्ची लाटी खाणारी पोरं प्रत्येक घरात असतात आणि मोठीही असतात, फक्त ती कबूल करत नाहीत.

सहा घरं असतील तर एका दिवशी एकाच घराचं पीठ मळायचं. संध्याकाळी सगळ्यांनी तासभर यायचं आणि आपलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्या घरी पंधरा-वीस लाट्या डब्यात पाठवा, ओल्या फडक्यात गुंडाळून. रात्री टीव्हीसमोर बसून लाटतील. एखादी लाटणारी बाई पैसे देऊन बोलावली असेल तर तिचा दर आधी ठरवा आणि त्याच संध्याकाळी हातात द्या. तिच्या कामाला ‘मदत’ म्हणू नका, सावडीत तिची पाळी येत नाही. तिला वरून पापड द्यायचे असतील तर जरूर द्या, पण मजुरीच्या बदल्यात नाही.

सगळ्या घरांनी सगळे पदार्थ करायची गरज नाही, हेही सांगून ठेवते. सोसायटीत माणसं सगळीकडची असतात. आमच्या इमारतीत कोकणातल्या एका वहिनींकडे आंब्याची साठं आणि फणसाचे पापड होतात. ते आम्हाला सात जन्मात जमायचे नाहीत. नागपूरकडची एक जण सरगुंडे करते. काडीवर पिठाची तार गुंडाळताना तिचे हात बघत बसावं. बिबडे माझ्याकडे: आंबवलेल्या ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या फडक्यावर थापायचं. सांगलीची म्हणून सांडगी मिरचीही माझ्याच गळ्यात. ज्या घराचा जो हातखंडा, त्या दिवशी त्या घरची बाई गुरू आणि बाकीच्यांनी गुमान ऐकायचं. वयाने लहान असली तरी. हा नियम आमच्याकडे मोडला गेला की लगेच कळतं, कारण थोरल्या जाऊबाईंच्या सल्ल्याने केलेले साबुदाण्याचे पापड दोन वर्षांपूर्वी गच्चीच्या फरशीला जे चिकटले ते अजून तिथे आहेत.

साठवणीत एकच चूक सगळ्या करतात. उन्हातून आणलेलं वाळवण गरम असतानाच डब्यात भरतात. आत घाम धरतो आणि पहिल्या पावसात बुरा येतो. दोन-तीन कडक उन्हं दिल्यावर कुरडई हातात खडखड वाजली पाहिजे. मग घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात. पावसाळ्यात डबा उघडताना हात कोरडा हवा. भादव्यात चांगलं ऊन पडलं की एकदा सगळं बाहेर काढून दाखवा. पापड तेलाच्या हाताचे असल्याने जास्त दिवस ठेवले की खवट होतात, ते आधी संपवा. कुरडई नीट ठेवली तर वर्षभर काही होत नाही.

डबे भरताना लेकींचा डबा आधी काढा. सासरी गेलेली, परदेशात असलेली, किंवा शिकायला हॉस्टेलवर राहणारी. मालाची वाटणी नसली तरी हा डबा आम्ही सगळ्या घरांकडून एकेक मूठ घालून भरतो. तो उघडला की कुरडई कुणाची आणि बिबडे कुणाचे हे त्या पोरी न सांगता ओळखतात.

राहिला प्रश्न गेल्या वर्षीच्या तुटलेल्या कुरडयांचा. त्या तुम्ही टाकल्या नसतील अशी आशा आहे. तळल्या तर तेलात भुसा होईल, म्हणून त्यांची भाजी करा. दोन मुठी चुरा पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, मऊ झाला की निथळा. कढईत जरा हात सैल सोडून तेल, मोहरी, जिरं, भरपूर कांदा उभा चिरून, लसूण, हिरवी मिरची किंवा काळा मसाला. कांदा गुलाबी झाला की चुरा टाका, वरून अगदी थोडं मीठ, कारण कुरडईत ते आधीच आहे. झाकण ठेवून दोन वाफा. कोथिंबीर आणि शेंगदाण्याचं कूट. गरम भाकरीबरोबर खा. पहिल्या पाळीच्या आदल्या संध्याकाळी सहाही घरांना आणि त्या मुलीला हीच भाजी खायला बोलवा. काकूंनाही बोलवा. कोणत्या दिवशी कुणाकडे गहू भिजणार, ते तिथेच ठरवून टाका.